जुने स्कॉट्स कागद लावताना: ओळखीच्या शब्दांपासून सावध

प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या सुनेचं माहेर स्कॉटलंडमधल्या फाइफचं. त्या घराण्यातला एक शेतकरी १६४० च्या सुमारास वारला. त्यानंतर कोर्टात नोंदवलेल्या कागदांचे फोटो ताईंच्या हाती आले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अक्षर बरंचसं लागलं, पण अर्थ लागत नाही. निम्मे शब्द चुकीच्या स्पेलिंगचं इंग्रजी वाटतात, उरलेले इंग्रजी कोशात सापडत नाहीत. कोठारातल्या मालात अस्वलं मोजली आहेत, एक 'चांगला भाऊ' आहे, आणि सोबतच्या दुसऱ्या कागदात मयताला चक्क बंडखोर म्हटलं आहे. हे अशुद्ध इंग्रजी आहे का, आणि कुठले शब्द आधी शिकावेत?

ताई, ती अस्वलं म्हणजे जव, चांगला भाऊ म्हणजे मेहुणा, आणि बंडखोर म्हणजे कर्ज थकलेला माणूस. तिन्हींचा खुलासा पुढे येईलच. एडिनबरामध्ये असे दस्तऐवज वाचून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यावरून एक गोष्ट अगदी ठामपणे सांगते: जुन्या स्कॉट्समध्ये अनोळखी शब्द फसवत नाहीत. ते अडवतात, मग माणूस कोश उघडतो आणि अर्थ मिळतो. फसवतात ते ओळखीचे वाटणारे शब्द, कारण तिथे कोश उघडावा असं मनातच येत नाही.

आधी अशुद्धतेचं बघू. स्कॉट्स हे बिघडलेलं इंग्रजी नव्हे. नॉर्थम्ब्रियाच्या राज्यातली अँग्लो-सॅक्सन बोली सातव्या शतकापासून आजच्या आग्नेय स्कॉटलंडमध्ये रुजली आणि तिथे आपल्या वाटेनं वाढली. लंडनची इंग्रजी वाढली ती दक्षिणेकडच्या बोलींतून. वाढताना स्कॉट्सनं नॉर्स, फ्रेंच, डच आणि गेलिकमधून भरपूर घेतलं. गेलिक ही मात्र केल्टिक कुळातली निराळी भाषा, तिची आणि स्कॉट्सची गल्लत करू नका. १३७५ च्या सुमारास जॉन बार्बरनं स्कॉट्समध्ये दीर्घकाव्य रचलं, आणि १४२४ पासून स्कॉटलंडच्या पार्लमेंटचे कायदे तिच्यात नोंदवले जाऊ लागले. बोलणारे तिला आधी 'इंग्लिस' म्हणत. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून 'स्कॉटिस' हे नाव दिसू लागतं. पुढे १५६० च्या धर्मसुधारणेनंतर चर्चमध्ये बायबल आलं ते इंग्रजी, १६०३ मध्ये राजा लंडनला गेला, १७०७ मध्ये पार्लमेंटही गेलं, आणि लिहिण्याची भाषा हळूहळू इंग्रजी झाली. १७५२ मध्ये डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञानं लिखाणात टाळायच्या स्कॉट्स प्रयोगांची यादी छापली, यावरून हवा कुठल्या दिशेची होती ते कळेल. तुमचा कागद या उताराच्या मधला आहे. कारकून स्कॉट्स लिहितो, मधूनच इंग्रजी वळण घेतो, आणि एकच शब्द एकाच पानावर दोन तऱ्हांनी लिहितो. त्या काळी ठरलेलं शुद्धलेखन स्कॉटलंडमध्येही नव्हतं आणि इंग्लंडमध्येही नव्हतं. कारकून चांगला शिकलेला आहे, याबद्दल शंका बाळगू नका.

लिपीच्या चार-पाच खुणा पक्क्या केल्यात की अर्धं काम होतं. शब्दाच्या सुरुवातीला क्यू-यू-एच दिसलं की तिथे इंग्रजीतलं डब्ल्यू-एच समजायचं. 'व्हा' म्हणजे कोण, 'व्हिल्क' म्हणजे जे किंवा जो, 'व्हेअर' म्हणजे कुठे. सगळे क्यू-यू-एचनं सुरू होतात. झेडसारखं दिसणारं अक्षर बहुतेक वेळा झेड नसतंच. ते 'योख' नावाचं जुनं अक्षर, उच्चार 'य'च्या जवळचा. छापखान्यात त्याचा खिळा नसल्यामुळे झेडचा खिळा लावला गेला आणि तो तसाच राहिला. म्हणून 'झेइर' असं दिसतं ते 'यीर', म्हणजे वर्ष. मेंझीस आडनावाचा जुना उच्चार 'मिंगिस', डालझील हे 'डीएल', आणि एअरशरमधला कलझीन किल्ला प्रत्यक्षात 'कलेन' म्हटला जातो, ते याच अक्षरामुळे. भूतकाळाचा शेवट आय-टी असा होतो, अनेकवचनाचा आय-एस असा. यू, व्ही आणि डब्ल्यू एकमेकांच्या जागी बसतात. आणि स्वराच्या मागे आलेला आय बहुधा नुसता दीर्घत्व दाखवतो.

आकड्यांतली एक खूण आपल्याला फार सोपी जाते. रोमन आकड्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात दोन एक्स दिसले तर त्याचा अर्थ 'इतके विसा'. चारच्या डोक्यावर ते असले तर चार विसा, म्हणजे ऐंशी. आपल्या आज्या याच पद्धतीनं मोजत. तारखांबाबत एवढंच लक्षात ठेवा की स्कॉटलंडनं वर्षारंभ १ जानेवारीला आणला तो १६०० पासून. त्याआधी वर्ष २५ मार्चला बदलत असे. इंग्लंडमध्ये हा बदल व्हायला १७५२ उजाडलं. तुमचा कागद १६०० नंतरचा असल्यामुळे तारीख सरळ वाचता येईल.

आता मूळ कागद. अशा कागदाचा साचा इतका ठरलेला असतो की तुमचा फोटो न पाहताही त्याचा क्रम सांगता येतो. मोडी शिकलेल्यांना हे लगेच पटेल. तिथेही मायन्याचे आणि 'मजकूर', 'सदरहू' यांसारखे साच्यातले शब्द एकदा डोळ्यात बसले की उरलेलं पत्र वेगानं लागतं.

पहिल्या ओळीत 'टेस्टामेंट' येईल. हे इंग्रजी अर्थाचं मृत्युपत्र असेलच असं नाही. मयतानं इच्छा लिहून ठेवली असेल तर 'टेस्टामेंट टेस्टामेंटर', आणि काहीच न लिहिता गेला असेल तर कोर्टानं कारभारी नेमलेलं ते 'टेस्टामेंट डेटिव्ह'. पुढे 'अमव्हाइल' हा शब्द नावाच्या आधी येतो, म्हणजे कैलासवासी. 'रेलिक्ट' म्हणजे मागे राहिलेली विधवा. तिचं आडनाव नवऱ्यापेक्षा वेगळं दिसेल, त्यावरून काही भलतं समजू नका. स्कॉटलंडमध्ये बायका कागदोपत्री माहेरचंच आडनाव लावत. वंशावळ शोधणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय आहे.

मग मालमत्तेची यादी. इथे जनावरांपाशी इंग्रजी कोश हात टेकतो आणि आपली खेड्यातली मराठी कामाला येते. 'नोल्ट' किंवा 'नाउट' म्हणजे गुरं. 'काय' म्हणजे गायी, एकवचन 'कू'. 'क्वाय' म्हणजे कालवड. 'स्टॉट' म्हणजे गोऱ्हा किंवा जवान बैल, 'स्टर्क' म्हणजे वर्ष-दोन वर्षांचं वासरू. 'यो' म्हणजे मेंढी, 'वेडर' म्हणजे खच्ची केलेला मेंढा, 'गिमर' म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या कातरणीच्या मधली मादी. आणि यादीत 'हॉग' दिसले तर डुकरं मोजू नका. हॉग म्हणजे पहिली कातरणी न झालेलं मेंढरू. डुकराच्या पिल्लाला 'ग्राइस' म्हणत. डोंगराळ भागातल्या मेंढपाळाच्या नावावर डुकरांचा मोठा कळप लावणारी वंशावळ मी एकदा सोडून अनेकदा पाहिली आहे.

धान्याकडे आलं की अस्वल भेटतं. 'बेअर' किंवा 'बीर' हा जवाचा एक जुना कणखर वाण. ऑर्कनी बेटांवर तो आजही पिकतो आणि त्याच्या पिठाच्या जाड भाकऱ्या होतात. 'कॉर्न' म्हणजे मका तर नाहीच. स्कॉटलंडमध्ये तो बहुधा ओट्स. 'मील' म्हणजे जेवण नव्हे, ओट्सचं पीठ. 'व्हिक्च्युअल', ज्याचा उच्चार 'व्हिटल' होतो, म्हणजे एकूण धान्य. मोजमाप असं: चार 'लिपी' (हे इथे मापाचं नाव) म्हणजे एक पेक, चार पेकांचा एक फरलॉट, चार फरलॉटांचा एक बोल, आणि सोळा बोलांचा एक चॉल्डर. गव्हाचा फरलॉट लहान आणि जव-ओट्सचा मोठा असे, त्यामुळे दोन धान्यांचे बोल सरसकट एकत्र मिळवू नका.

याच भागात एक वाक्प्रयोग येतो, तो मला फार आवडतो. जमिनीत सहा बोल ओट्स पेरलेले आहेत, अंदाज 'टू द थ्रिड कॉर्न', असं लिहिलेलं असतं. शब्दशः 'तिसऱ्या दाण्याला'. अर्थ असा की पेरलेल्या एका दाण्याचे तीन दाणे होतील असा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी धरलेला अंदाज. म्हणजे सहा बोलांचे अठरा बोल. त्यातले सहा पुढच्या पेरणीला बाजूला काढले की खाण्याला, खंडाला आणि बाकी सगळ्याला उरतात बारा. सतराव्या शतकातल्या त्या कोरड्या ओळीत शेतकऱ्याचं सगळं वर्ष मांडलेलं असतं. अंदाज 'फर्ड कॉर्न'चा असेल, म्हणजे चौपट, तर जमीन बरी होती असं समजा.

यानंतरची ओळ तुमच्या कागदात हमखास असेल, आणि तिथे बहुतेक जण चुकतात. घरातली भांडीकुंडी, अंगावरचे कपडे यांची एकत्र किंमत देताना 'बाय द एअरशिप' असे शब्द येतात. इंग्रजीच्या सवयीनं आपण 'वारशानं मिळालेलं' असं वाचतो. अर्थ बरोबर उलटा आहे. जुन्या स्कॉट्समध्ये 'बाय' म्हणजे 'सोडून', 'वगळता'. जहागीरदार आणि शहरी नागरिकांसारख्या काही वर्गांत थोरल्या वारसाला घरातल्या जंगम मालापैकी प्रत्येक प्रकारातली उत्तम वस्तू मिळे: सगळ्यांत चांगला घोडा, चांगला पलंग, चांगली पेटी. तो 'एअरशिप'. तेवढं सोडून उरलेल्याची किंमत इथे दिली आहे. तुमचा शेतकरी त्या वर्गांतला नसेलही. साच्याची ओळ म्हणून कारकून ती अनेकदा तशीच लिहून मोकळा होतो.

मग इंग्रजीतल्या 'बाय'चं काम कोण करतं? 'बी'. 'मेड अँड गिव्हन अप बी हिज रेलिक्ट' म्हणजे विधवेनं करून दिलेलं. आणि कर्जांच्या दोन याद्यांची शीर्षकं असतात 'डेट्स ऑविन टू द डीड' आणि 'डेट्स ऑविन बी द डीड'. पहिली म्हणजे मयताला येणं, दुसरी म्हणजे मयताकडून देणं. 'डीड' म्हणजे मेलेला माणूस. दस्तऐवजाचा इंग्रजी 'डीड' इथे आणू नका. या एका छोट्या शब्दावर माणूस सावकार होता की कर्जबाजारी ते ठरतं.

म्हणून तुम्ही विचारलेल्या 'आधी कुठले शब्द' याचं माझं उत्तर असं की आधी बारके शब्द. 'बट' किंवा 'बॉट' हा 'पण' असतोच, शिवाय 'वाचून', 'विना' असाही असतो. मॅकिंटॉश कुळाचं ब्रीद 'टच नॉट द कॅट बॉट अ ग्लव्ह' असं आहे: हातमोज्याविना मांजराला हात लावू नकोस. ज्यांच्या पुढाकारानं १८०४ मध्ये मुंबईत लिटररी सोसायटी स्थापन झाली आणि पुढे तिचीच एशियाटिक सोसायटी झाली, ते सर जेम्स मॅकिंटॉश हे याच आडनावाचे. 'ऑर' म्हणजे कधी कधी 'आधी'. 'नॉर' म्हणजे 'पेक्षा'. 'व्हिल' म्हणजे 'पर्यंत', 'गिफ' म्हणजे 'जर', 'सेन' म्हणजे 'पासून' किंवा 'ज्याअर्थी', 'अनेंट' म्हणजे 'विषयी'. 'एन' हा 'एक'ही असतो आणि नुसतं उपपदही. हे दहा-बारा शब्द एका चिठ्ठीवर लिहून समोर ठेवा. नामांना कोश आहेच. वाक्याचं हाड या शब्दांत असतं.

पैशांचं लवकर उरकते, पण चुकवू नका. कागदातले पौंड हे स्कॉट्स पौंड, आणि १६०३ पासून त्यांचा दर बारा स्कॉट्स पौंडांना एक इंग्रजी पौंड असा पक्का झाला. 'मर्क' म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स स्कॉट्स, पौंडाचे दोन तृतीयांश. शंभर मर्क म्हणजे इंग्रजी हिशेबात साडेपाच पौंडांच्या थोडे वर. किरकोळीत 'बॉबी' सहा पेन्सांचा, 'प्लॅक' चार पेन्सांचा, 'बोडल' दोन पेन्सांचा, तेही सगळे स्कॉट्स.

या कागदात शेतजमीन कुठेच दिसली नाही तर माणूस भूमिहीन होता असा निष्कर्ष काढू नका. स्कॉटलंडमध्ये १८६८ पर्यंत स्थावर मालमत्ता अशा टेस्टामेंटनं देताच येत नसे. जमीन थोरल्याकडे जाई आणि तिचे कागद वेगळ्या दप्तरात, १६१७ पासून चालू असलेल्या सेझीन नोंदवहीत. 'सेझीन' म्हणजे जमिनीचा ताबा देण्याचा विधी. देणारा आणि घेणारा, किंवा त्यांचे मुखत्यार, साक्षीदार आणि नोटरी यांच्यासह त्या जमिनीवर उभे राहत आणि 'अर्ड अँड स्टेन', म्हणजे तिथली माती आणि दगड, घेणाऱ्याच्या हातात दिला जाई. गिरणीचा ताबा असेल तर 'क्लॅप अँड हॅपर', म्हणजे जात्यात दाणे सोडणारी ठोकणी आणि चाडं. मासेमारीचा हक्क असेल तर 'नेट अँड कोबल', जाळं आणि होडी. प्रत्यक्ष जमिनीवर जाण्याची ही अट १८४५ मध्ये उठली. नोंदवहीतले हे शब्द अलंकारिक नाहीत. माती खरोखर हातात दिली जात होती आणि नोटरी ते डोळ्यांनी पाहून लिहीत होता.

जमिनीभोवतीचे आणखी काही शब्द. 'टॅक' म्हणजे पट्टा, मुदतीची भाडेपट्टी. 'मेल' म्हणजे रोख खंड, 'फर्म' म्हणजे धान्यातला खंड, 'ग्रासम' म्हणजे पट्टा घेताना एकरकमी द्यायचा नजराणा. 'वॉडसेट' म्हणजे आपलं ताबेगहाण: सावकार जमीन ताब्यात घेऊन उत्पन्न खातो आणि मुद्दल फिटलं की परत देतो. 'लाइफरेंट' म्हणजे हयातीपुरता उपभोग. 'टून' किंवा 'टाउन' म्हणजे शहर नव्हे, शेतकऱ्यांच्या चार-सहा घरांची वस्ती.

त्या वस्तीला आपलं धान्य ठरलेल्याच गिरणीत दळावं लागे. या बंधनाला 'थर्लेज' म्हणत. गिरणीवाल्याचा वाटा 'मूटर', आणि त्याच्या गड्याचा वाटा 'नेव्हशिप'. त्याखेरीज 'लॉक' आणि 'गाउपन'. लॉक म्हणजे मूठभर पीठ आणि गाउपन म्हणजे दोन्ही हात जोडून भरलेली ओंजळ. इंग्रजीत गाउपन समजावायला अख्खं वाक्य लागतं, आपल्याकडे ओंजळ आणि पसा दोन्ही तयार आहेत. मला वाटतं, शेती-गिरणीच्या स्कॉट्ससाठी मराठी वाचकाची तयारी लंडनच्या वाचकापेक्षा चांगली असते. फक्त त्यानं मधल्या इंग्रजीवर अडून बसू नये.

नात्यांचे शब्दही तसेच. 'गुड' किंवा 'ग्विड' हे नात्याच्या आधी लागलं की लग्नानं जडलेलं नातं. गुडफादर म्हणजे सासरा, गुडसिस्टर म्हणजे नणंद, वहिनी किंवा मेहुणी, आणि तुमचा 'चांगला भाऊ' म्हणजे मेहुणा किंवा दीर. पण 'गुडसर' मात्र आजोबा आणि 'गुडेम' आजी, तिथे सासर आणू नका. 'ऑय' म्हणजे नातू किंवा नात. 'ईम' म्हणजे काका-मामा, विशेषतः मामा. 'नेव्हॉय' पुतण्या-भाचा असतो, पण कधी कधी नातूही असतो, म्हणून वयं ताडून पाहा. 'ब्रदर जर्मन' म्हणजे जर्मन भाऊ नव्हे, सख्खा, एकाच आईबापांचा. 'लॉफुल सन' म्हणजे औरस, 'नॅचरल सन' म्हणजे विवाहबाह्य. हा शेवटचा शब्द सुनेच्या घरच्यांना सांगताना अर्थ नक्की करूनच सांगा.

आता बंडखोर. कर्ज फेडलं नाही तर सावकार राजाच्या नावानं हुकूम काढवी. मुदत टळली की कोर्टाचा माणूस बाजारपेठेतल्या क्रॉसपाशी उभा राहून त्या ऋणकोला राजाचा बंडखोर म्हणून जाहीर करी आणि शिंग तीनदा फुंकी. याला 'पुट टू द हॉर्न' म्हणत, आणि तो हुकूम म्हणजे 'लेटर्स ऑफ हॉर्निंग'. राजाचा हुकूम मोडला म्हणून बंडखोर. तलवारीचा संबंध नाही. तेव्हा 'आमचा पूर्वज क्रांतिकारक होता' असं घरात सांगण्याआधी 'हॉर्न' हा शब्द आसपास आहे का ते पाहा.

शहरी कागदांत याच जातीचे फसवे शब्द भरलेले असतात. 'रायटर' म्हणजे लेखक नव्हे, वकील. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटचे वडील एडिनबरामध्ये 'रायटर टू द सिग्नेट' होते, म्हणजे त्या नावाच्या वकीलसंस्थेचे सदस्य. 'लँड' म्हणजे अनेक मजल्यांची चाळवजा इमारत. एडिनबराच्या जुन्या गावात ग्लॅडस्टन्स लँड आजही उभी आहे. 'गेट' म्हणजे रस्ता, नॉर्स भाषेतून आलेला, म्हणून कॅननगेट हा दरवाजा नव्हे. दरवाजाला 'येट', आणि शहराच्या वेशीला 'पोर्ट'. 'फ्लेशर' म्हणजे खाटीक, 'बॅक्स्टर' भटारी, 'वेबस्टर' विणकर, 'लिटस्टर' रंगारी, 'कॉर्डिनर' चांभार. 'वॉकर' म्हणजे विणलेलं लोकरी कापड ओलं करून तुडवून घट्ट करणारा.

चर्चच्या नोंदवह्यांबद्दल थोडंच लिहिते, कारण तुमच्याकडे त्या नाहीत. तिथे 'कंपीअर' म्हणजे हजर होणं, 'डिलेट' म्हणजे एखाद्यावर आरोप नोंदवणं. 'मॉर्टक्लॉथ' म्हणजे शवपेटीवर घालायचं, भाड्यानं मिळणारं कापड. त्याचं भाडं भरल्याची नोंद हाच पुष्कळदा गरिबाच्या मृत्यूचा एकमेव पुरावा असतो.

काही शब्द काळाबरोबर सरकतात, तेव्हा कागदाचं वर्ष बघितल्याशिवाय अर्थ लावू नये. 'स्टूर' म्हणजे आज धूळ. जुन्या काव्यात तोच शब्द लढाई, हातघाई असा येतो; लढाईत उडते ती धूळ असं करत तो घरातल्या कपाटाखाली पोचला. 'ड्रीख' आज ढगाळ, कंटाळवाण्या हवेसाठी सर्रास वापरतात आणि कपबशांवरही छापतात. जुना अर्थ लांबलेलं, संपता न संपणारं. सतराव्या शतकात ड्रीख काही असेल तर प्रवचन किंवा वाट. 'वीअर्ड' म्हणजे विचित्र नव्हे, नशीब, दैव. 'सिली' म्हणजे मूर्ख नव्हे, दुबळा, बिचारा.

आणि स्कॉटलंडमधून निघून मराठीपर्यंत आलेलेही काही आहेत. आपलं ग्लॅमर हे 'ग्रामर' शब्दाचं स्कॉट्स रूप. व्याकरण म्हणजे विद्या, विद्या म्हणजे मंत्रविद्या, आणि तिथून डोळ्यांवर पडणारी भूल. वॉल्टर स्कॉटनं तो शब्द वापरात आणला आणि इंग्रजीनं उचलला. आपल्याकडच्या 'पोलीस रेड'मधला 'रेड' हा 'रोड'चाच स्कॉट्स भाऊ, मूळ अर्थ घोड्यावरची स्वारी. ब्लॅकमेलमधला मेल टपालाचा नाही, वर सांगितलेला खंडाचा: सरहद्दीवरचे लुटारू 'आमच्यापासून संरक्षण' म्हणून शेतकऱ्याकडून जो उकळत तो. 'स्लोगन' मात्र गेलिक, मूळ अर्थ रणघोष.

कोशाबद्दल. पहिला मोठा कोश जॉन जेमिसन या पाद्र्यानं १८०८ मध्ये दोन खंडांत काढला. आज काम करायचं ते दोन कोशांवर: बाराव्या शतकापासून १७०० पर्यंतच्या भाषेचा बारा खंडांचा जुन्या स्कॉट्सचा कोश, जो १९३१ पासून निघत २००२ मध्ये पुरा झाला, आणि १७०० नंतरच्या भाषेचा दहा खंडांचा राष्ट्रीय कोश, जो १९७६ मध्ये पुरा झाला. २००४ पासून दोन्ही एकत्र, 'डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज' या नावानं, इंटरनेटवर फुकट पाहता येतात. तुमच्या कागदासाठी पहिला उघडा. पहिला अर्थ वाचून थांबू नका. खाली वर्षासकट दिलेली उदाहरणं वाचा आणि तुमच्या वर्षाच्या आसपासचं, टेस्टामेंटमधलं उदाहरण शोधा. स्पेलिंग जुळलं नाही तर क्यू-यू-एच, आय-टी, यू-व्ही हे फेरफार करून पुन्हा शोधा. इंटरनेटवरच्या मजेदार शब्दयाद्यांवर विसंबू नका. स्कॉट्स विकिपीडियातले हजारो लेख भाषा न येणाऱ्या एका तरुण अमेरिकन मुलानं लिहिल्याचं २०२० मध्ये उघडकीस आलं होतं, आणि तोवर अनेकांनी ते प्रमाण मानले होते.

शक्य असेल तर ओळी मोठ्यानं वाचा. २०११ च्या जनगणनेत पंधरा लाखांहून जास्त लोकांनी स्कॉट्स बोलत असल्याचं नोंदवलं, त्यामुळे सुनेच्या घरात कुणी वडीलधारं असेल तर त्यांनाच वाचायला सांगा. 'हेम' म्हणजे घर, 'स्टेन' म्हणजे दगड, 'निख्त' म्हणजे रात्र, 'हूस' म्हणजे घर किंवा इमारत. डोळ्याला परका वाटलेला शब्द कानाला पुष्कळदा ओळखीचा निघतो. तो 'ख' आपल्याला जमतो, इंग्रजांना कष्टानं जमतो.

आणि तुमच्या कागदाला हात घालाल तेव्हा सुरुवातीपासून नको, शेवटापासून घाला. शेवटी 'फ्री गीअर' हा आकडा असतो, म्हणजे देणी वजा जाता उरलेला निव्वळ माल. बायको आणि मुलं दोन्ही मागे असतील तर त्याचे तीन भाग होतात: एक विधवेचा, एक 'बेर्न्स पार्ट' म्हणजे मुलांचा, आणि एक 'डीडिस पार्ट' म्हणजे मयताचा, जो त्यानं हवा त्याला द्यावा. फक्त बायको किंवा फक्त मुलं असतील तर दोन भाग, दोन्ही नसतील तर भागच नाहीत. पुढे 'क्वॉट' येतो, तो कोर्टाचा कर. फ्री गीअरला तीननं भागून डीडिस पार्टचा आकडा जुळला तर तुम्ही दोन्ही आकडे बरोबर वाचलेत, आणि मागे बायको-मुलं होती हेही कळलं. नाही जुळला तर दोननं भागून बघा. मग वर जा: एकूण मालातून देणी वजा करून फ्री गीअर येतो का पाहा, आणि तसंच एकेक आकडा पडताळत पहिल्या ओळीपर्यंत चढा. जिथे बेरीज अडेल, तिथला शब्द चुकीचा लागलेला आहे.